शटडाऊन : विरोधकांचं हत्यार की कारकुनाच्या गळ्याला फास?

व्हर्जिनियाकर : अमेरिकेतलं २०२५ चं शटडाऊन, म्हणजे बजेट मंजूर न झाल्याने सरकारी कारभाराला लागलेलं कुलूप, १ ऑक्टोबरला लागलं, १२ नोव्हेंबरला सुटलं. ४३ दिवस, तोवरचं सगळ्यात लांब. आमचा शेजारी विमानतळावर तपासणीला असतो. पहाटे चारला गाडी काढायचा, 'अत्यावश्यक' म्हणून सुट्टी नाही आणि पगारही नाही. एकदा त्याची बायको फुकट शिधा देणाऱ्या फूड बँकेच्या रांगेत दिसली. मला बघून मान फिरवली तिने. खासदारांचे पगार मात्र चालू! माझं म्हणणं, बजेट रखडलं तर जुन्या रकमेवर कारभार आपोआप चालू राहावा, असा कायदाच करा.

सोमाजी_गोमाजी : आपोआप चाललं तर बजेट करायला बसेल कोण? खर्चाच्या विधेयकाला सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ६० मतं लागतात, सत्ताधारी रिपब्लिकनांकडे तेव्हा ५३. आरोग्यविम्याची वाढीव सबसिडी वर्षअखेर संपणार होती. ती वाचवायला विरोधी डेमोक्रॅट्सच्या हातात दुसरं होतं काय? नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

व्हर्जिनियाकर : नाक कुणाचं दाबलंत? शेवटी त्यांच्याच गोटातल्या आठांनी विधेयकाला मत दिलं. पदरात काय, तर सबसिडीवर डिसेंबरात मतदान घेऊ हे आश्वासन. मतदान झालं, प्रस्ताव पडला.

पेठकर : आपल्याकडे लोकसभेत बजेट पडलं तर सरकारच जातं, आणि राज्यसभेला धन विधेयक १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही. तिकडे अध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस (तिथली संसद) वेगळी. कुणाचीच खुर्ची जात नाही, मग घाई कुणाला? बरं, १९८० पर्यंत मंजुरी लांबली तरी कचेऱ्या बहुधा चालूच असायच्या. अॅटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) सिव्हिलेटींनी मंजुरीशिवाय खर्चाला बंदी घालणाऱ्या जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला, तेव्हापासून ही कुलुपं.

सोमाजी_गोमाजी : २०१९ च्या कायद्याने बुडालेला पगार नंतर मिळतो, हे सोयीस्कर विसरताय.

व्हर्जिनियाकर : कंत्राटी सफाईवाल्यांना तो कायदा लागू नाही. आणि घरमालक 'नंतर' ऐकतो का?

कोकणी_कावळा : दोघंही पक्ष बघताय. २०१८-१९ ला मेक्सिको सीमेवरच्या भिंतीच्या ५.७ अब्ज डॉलरसाठी ट्रम्पनीच ३५ दिवस ताणलं, भिंतीचे ते पैसे न मिळताच सोडलं. का? विमान नियंत्रक कामावर कमी आले, न्यूयॉर्कची उड्डाणं रखडली. २०२५ लाही ४० विमानतळांवर उड्डाणं कापली आणि आठवड्याभरात तोडगा. फूड बँकेची रांग महिनाभर होतीच की.

सोमाजी_गोमाजी : हे मात्र खोडता येत नाही. पण आपोआपवाल्या कायद्याला माझा विरोध कायम.