घरच्या नेटवर्कसाठी डीएनएस सर्व्हर: जाहिराती अडवायच्या आहेत आणि आकडेवारीही हवी. काय बसवावं?

कुतूहल_५३
घरातल्या सगळ्या उपकरणांवरच्या जाहिराती एकाच जागी अडवायच्या आहेत. फोन, लॅपटॉप, स्मार्ट टीव्ही, कॅमेरे मिळून पंधरा-वीस उपकरणं होतील. टीव्हीत एक्स्टेन्शन टाकता येत नाही, म्हणून डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) मार्ग. हाताशी रास्पबेरी पाय ३ आहे आणि लिनक्स टाकलेला एक जुना लॅपटॉप. कमांड लाइनची अडचण नाही.

१. जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर म्हणून पायहोल घ्यावं की अ‍ॅडगार्ड होम?
२. कोणतं उपकरण कुठे कुठे बोलतं, याचे आकडे उपकरणानुसार हवे आहेत. ते कितपत भरवशाचे असतात?
३. सर्व्हर बंद पडला तर घरचं नेट ठप्प होऊ नये म्हणून दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ द्यावा का?

राउटर नेट कंपनीने दिलेला आहे. त्यात डीएचसीपीचं (उपकरणांना पत्ते आणि डीएनएस वाटून देणाऱ्या सेवेचं) पान दिसतं, पण डीएनएसचे रकाने करडे आहेत, बदलता येत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मुळाक्षर
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. ८.८.८.८ देऊ नका. रकान्यावर ‘सेकंडरी’ लिहिलेलं असलं तरी ‘पहिला मेला तरच दुसऱ्याला विचारायचं’ असा नियम उपकरणं पाळत नाहीत. काही दोघांना आलटून पालटून विचारतात, काही दोघांना एकदम विचारून ज्याचं उत्तर आधी येईल ते घेतात, तर काही पहिल्याला जरा उशीर झाला की दुसऱ्याकडेच मुक्काम ठोकतात. मग जाहिराती कधी दिसतात, कधी गायब होतात, आणि तुम्ही अडवायच्या नावांच्या यादीत खोट शोधत बसता. आकडेवारीतही तेवढी भोकं पडतात.

दुसरा पत्ता द्यायचाच असेल तर तोही स्वतःचाच सर्व्हर हवा, त्याच याद्या असलेला. तुमच्याकडे दोन यंत्रं आहेतच. दोन्हीकडे पायहोल ६ टाका आणि याद्या व गट सारखे ठेवायला नेब्युला-सिंक हे साधन वापरा. एकच पत्ता मिरवायचा असेल तर कीपअलाइव्ह-डी दोघांमध्ये एक आभासी पत्ता फिरवतं. फक्त त्यात तपासणीची स्क्रिप्ट जोडा. ती नसेल तर यंत्र चालू पण डीएनएसची प्रक्रिया मेलेली, अशा वेळी पत्ता हलतच नाही. स्क्रिप्टने दर काही सेकंदांनी ‘डिग’ या कमांडने एखादं नाव खरोखर विचारून पाहावं. नुसतं पिंग पुरत नाही.

पॅकेटपाल
पहिल्या प्रश्नाबद्दल. दोन्ही चांगली आहेत, पण तुमचं लक्ष आकड्यांवर आहे म्हणून माझं मत पायहोलला. प्रत्येक क्वेरी (डीएनएसला केलेली विचारणा) एका एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये जाते. तिथे ‘क्वेरीज’ नावाच्या व्ह्यूवर (तयार तक्त्यावर) डोमेन आणि क्लायंटनुसार (विचारणाऱ्या उपकरणानुसार) गट पाडून मोजणी केली की डॅशबोर्डवर नसलेले तक्तेही काढता येतात. मूळ फाइलवर जड चौकश्या चालवू नका, प्रत काढून तिच्यावर चालवा.

अ‍ॅडगार्ड होम ही एकच चालवायची फाइल आहे. पहिली मांडणी ३००० पोर्टवर ब्राउझरमधून होते, आणि एनक्रिप्टेड अपस्ट्रीम (पुढच्या डीएनएस सर्व्हरला सांकेतिक रूपात विचारण्याचा मार्ग) आतच मिळतो, त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. मात्र दोन डिफॉल्ट बघून घ्या. आकडेवारी सुरुवातीला फक्त २४ तासांची ठेवली जाते, ती वाढवा. आणि वेगमर्यादा सेकंदाला २० क्वेरींची असते, तीसुद्धा एका उपकरणाला नव्हे, तर /२४ च्या अख्ख्या सबनेटला (पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असलेल्या सगळ्यांना) मिळून. घरातली सगळी उपकरणं त्याच सबनेटमध्ये असतात, त्यामुळे सगळे एकदम नेटवर आले की पानं अडखळतात आणि कारण सापडत नाही. घरात ही मर्यादा ० करून टाका.

पायहोलची मर्यादा प्रत्येक क्लायंटला ६० सेकंदांत १००० क्वेरी अशी आहे. ती सहसा तेव्हाच लागते जेव्हा राउटर सगळ्यांच्या वतीने विचारत असतो. म्हणजे ही तक्रार दिसली तर मर्यादा वाढवू नका, मांडणी सुधारा.

आणखी एक: पायहोलची ६वी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. त्यात लाइटटीपीडी हा वेगळा वेब सर्व्हर आणि पीएचपी गेलं, वेब सर्व्हर एफटीएलच्या (पायहोलच्या मुख्य प्रोग्रामच्या) आतच आला आणि सगळ्या सेटिंग्ज एका टॉमल फाइलमध्ये गेल्या. ‘सेटअपव्हार्स’ ही फाइल बदला असं सांगणारे मार्गदर्शक जुने समजा.

पाय ३ भरपूर झाला. घरचं डाउनलोड त्यातून जात नाही, जातात ती फक्त नावांची विचारणा आणि उत्तरं. म्हणून १०० एमबीपीएसचं पोर्टही चालतं. मात्र वायफायवर ठेवू नका, तारेनेच जोडा.

उपजाल
करड्या रकान्यांवर उपाय आहे. राउटरची डीएचसीपी सेवाच बंद करा आणि ती पायहोलला करू द्या. क्रम महत्त्वाचा:

आधी पायला स्थिर पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.२, गेटवे राउटरचाच. हा पत्ता पायमध्येच लिहा. राउटरमधलं आरक्षण इथे कामाचं नाही, कारण राउटरची डीएचसीपी आपण बंद करणार आहोत. मग पायहोलमध्ये वाटपाची पट्टी १९२.१६८.१.५० ते २०० ठेवा, म्हणजे स्थिर पत्ते बाहेर राहतील. आता राउटरची डीएचसीपी बंद करून लगेच पायहोलची चालू करा. शेवटी प्रत्येक उपकरणाचं वायफाय बंद-चालू करा, नाहीतर जुनी लीज (पत्त्याची मुदत) संपेपर्यंत ते जुन्याच डीएनएसला धरून राहतं. टीव्हीची वीजच काढून परत लावा. रिमोटने तो झोपतो, बंद होत नाही.

राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर डीएनएस बदलता येतो म्हणून तिथे पायचा पत्ता घालायचा मोह आवरा. जाहिराती अडतील, पण प्रत्येक प्रश्न राउटरमार्फत येईल आणि डॅशबोर्डवर एकच क्लायंट दिसेल. वर पायहोलचा अपस्ट्रीमही राउटरच ठेवला असेल तर प्रश्न दोघांत गोल गोल फिरत राहतो.

आता खरी गळती: आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत). डीएचसीपी बंद केली तरी राउटर आपल्या जाहिरात-संदेशांतून (या जाहिराती वेगळ्या, राउटर ‘मी इथे आहे’ म्हणतो त्या) स्वतःचा आयपीव्ही६ पत्ता डीएनएस म्हणून वाटत राहतो. फोन तो आनंदाने घेतात. पायहोलने स्वतःचे संदेश पाठवले तरी राउटरचे थांबत नाहीत. राउटरमध्ये आयपीव्ही६चा डीएनएस बदलता येत असेल तर तिथे पायचा ‘एफडी’ने सुरू होणारा स्थानिक पत्ता द्या. कंपनीने दिलेला जागतिक पत्ता देऊ नका, तो बदलत राहतो. तेही जमत नसेल तर लॅनवरचं आयपीव्ही६ बंद करणं हा ओबडधोबड पण चालणारा उपाय.

तपासायला लॅपटॉपवर ‘एनएसलुकअप’ने ‘अ‍ॅड डॉट डबलक्लिक डॉट नेट’ विचारा. उत्तर ०.०.०.० आलं पाहिजे, आणि वर लिहून येणारा सर्व्हरचा पत्ता पायचाच हवा. लोक पहिली गोष्ट बघतात, दुसरी विसरतात.

शून्यउत्तर
आकड्यांच्या भरवशाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. डॅशबोर्डवरच्या ‘इतके टक्के अडवले’ या आकड्याला गुणवत्तेचं माप समजू नका.

एक, एका साइटसाठी ब्राउझर एकच प्रश्न विचारत नाही. ‘ए’ (आयपीव्ही४ पत्ता), ‘क्वाड-ए’ (आयपीव्ही६ पत्ता) आणि ‘एचटीटीपीएस’ (जोडणीची माहिती) अशा तीन प्रकारच्या क्वेरी जातात. म्हणजे एकूण आकडा भेटींचा नव्हेच.

दोन, अडवलेल्या उत्तराचं आयुष्य मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, पायहोलमध्ये २ सेकंद. यादीतून एखादं नाव मोकळं केल्यावर त्याचा परिणाम लगेच दिसावा म्हणून ते तसं आहे. पण हट्टी टीव्ही त्याच सर्व्हरला दर काही सेकंदांनी हाका मारत राहतो आणि प्रत्येक हाक ‘अडवली’ म्हणून मोजली जाते. मोकळ्या नावाचं उत्तर मात्र उपकरण मिनिटंन् मिनिटं स्वतःच्या कॅशेत ठेवतं, पुन्हा विचारतच नाही. त्यामुळे टक्केवारी फुगते. एकटा टीव्ही बंद केला की ती खाली येते, आणि जाहिरातींमध्ये काडीचा फरक पडलेला नसतो.

तीन, ‘पीटीआर’ क्वेरींचा ढीग दिसला तर घाबरू नका. पत्त्यांवरून नावं शोधण्याचा तो खटाटोप असतो. चित्र काढताना त्या गाळा.

विश्वासाने वापरावेत असे आकडे म्हणजे एका उपकरणाने विचारलेल्या वेगवेगळ्या डोमेनची संख्या, रात्री कुणी वापरत नसताना येणाऱ्या क्वेरी, आणि कालपर्यंत न दिसलेलं नवं डोमेन. कॅमेरा अचानक अनोळखी नावं विचारू लागला तर ते इथे कळतं, टक्केवारीत नाही. आणि उपकरणाचं बोलणं अचानक शून्यावर आलं तर ते शहाणं झालं असं समजू नका, ते दुसऱ्या दाराने बाहेर पडतंय.

कुतूहल_५३
सर्वांचे आभार. लॅपटॉपवर पायहोल डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनात) चालवून पाहिलं. दोन अडचणी. सगळे क्लायंट १७२.१७.०.१ या एकाच पत्त्यावर दिसतात. आणि एका अँड्रॉइड फोनवर जाहिराती तशाच आहेत, त्याचं नाव डॅशबोर्डवर येतच नाही.

उपजाल
पहिली अडचण डॉकरच्या ब्रिजची (कंटेनर आणि बाहेरचं नेटवर्क यांमधल्या आभासी जोडणीची). प्रश्न कंटेनरपर्यंत येताना पत्ता बदलला जातो आणि पायहोलला फक्त ब्रिजचा दरवाजा दिसतो. कंटेनर ‘होस्ट’ (लॅपटॉपच्या स्वतःच्या) नेटवर्कवर चालवा. डीएचसीपी पायहोलकडे देणार असाल तर तसंही होस्ट नेटवर्क आणि ‘नेट अ‍ॅडमिन’ची परवानगी लागेल, कारण डीएचसीपीची हाक ब्रॉडकास्टने येते आणि ती ब्रिज ओलांडत नाही.

होस्टवर नेल्यावर डीएनएसचा ५३ पोर्ट व्यापलेला आहे अशी चूक आली तर तो व्यापणारा म्हणजे लिनक्सची स्वतःची डीएनएस सेवा, सिस्टिमडी-रिझॉल्व्हड. १२७.०.०.५३ वर तोच बसलेला असतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘डीएनएस स्टब लिसनर’ ‘नो’ करा, सेवा पुन्हा चालू करा, आणि ‘रिझॉल्व्ह कॉन्फ’ची लिंक नीट आहे ना ते बघा. ते पाहिलं नाही तर त्या लॅपटॉपलाच कुठली नावं सापडणार नाहीत आणि डॉकरची इमेजही उतरणार नाही.

पॅकेटपाल
फोनसाठी: सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघा. तिथे एखाद्या सेवेचं नाव लिहिलेलं असेल तर फोन टीएलएसवरून (एनक्रिप्टेड जोडणीने) थेट तिकडे जातो, तुमच्या डीएचसीपीचं काही ऐकत नाही. ते ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘ऑफ’ करा. फायरफॉक्सला थोपवायला ‘यूज-अ‍ॅप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ या नावाला ‘असं नावच नाही’ असं उत्तर द्यायचं असतं. पायहोल ते आपसूक देतं. पण वापरणाऱ्याने स्वतः एनक्रिप्टेड डीएनएस चालू केलं असेल तर फायरफॉक्स ही खूण मानत नाही.

टीव्हीत ८.८.८.८ कोरलेला असतो तेव्हा राउटरवर नियम लागतात: पाय सोडून इतर कुणाचीही ५३ पोर्टची विचारणा पायकडे वळवायची, टीएलएसवरच्या डीएनएसचा ८५३ पोर्ट बंद करायचा. कंपनीच्या राउटरमध्ये हे सहसा नसतं. ओपनडब्ल्यूआरटी ही मोकळी राउटर प्रणाली चालणारा राउटर मध्ये घालावा लागेल. ४४३ पोर्टवरून जाणाऱ्या डीएनएसला मात्र असं सरसकट पकडता येत नाही, तो साध्या वेब वाहतुकीत मिसळलेला असतो. जाणत्या सर्व्हरांचे पत्ते अडवणं एवढंच हाती राहतं.

आणि अपेक्षा बेताच्या ठेवा. यूट्यूबच्या जाहिराती व्हिडिओ जिथून येतो तिथूनच येतात. डीएनएसला नाव दिसतं, त्या नावामागचं पान दिसत नाही. तिथे कुठलीही यादी चालणार नाही.

मुळाक्षर
याद्यांचा लोभ धरू नका. पायहोलसोबत येणारी स्टीव्हनब्लॅकची किंवा ओआयएसडी, हागेझीपैकी एक, एवढीच ठेवून सुरुवात करा. दहा याद्या जोडल्या तर बरीचशी नावं त्याच त्याच असतात आणि उरलेल्यांत मोडतोड करणारी जास्त. काय मोडतं? शोधाच्या निकालात सर्वांत वर असलेले प्रायोजित दुवे उघडत नाहीत, ईमेलमधली ‘इथे क्लिक करा’ची बटणं मरतात, काही अ‍ॅप लॉगिनवर अडकतात. अशा वेळी पायहोल बंद करू नका. क्वेरी लॉगमध्ये त्या फोनचा पत्ता गाळून त्या मिनिटातली लाल ओळ शोधा आणि तेवढंच नाव मोकळं करा. ज्याला हे सगळं नकोच आहे त्याचं उपकरण याद्या नसलेल्या गटात टाका. भांडण मिटतं.

कुतूहल_५३
फोन सापडला, प्रायव्हेट डीएनएसच होतं. शेवटचा प्रश्न: अपस्ट्रीम म्हणून अनबाउंड (स्वतःच नावं शोधणारा डीएनएस सर्व्हर) बसवावं का? आणि पायच्या मेमरी कार्डाची काळजी?

शून्यउत्तर
अनबाउंड बसवलं तर एका मोठ्या कंपनीला तुमची सगळी यादी मिळत नाही, प्रश्न मूळ सर्व्हरांपासून थेट विचारले जातात. पण हे प्रश्न उघड्या मजकुरात जातात, म्हणजे नेट कंपनीला दिसतात. एनक्रिप्टेड अपस्ट्रीममध्ये उलट. कुणापासून लपवायचं आहे ते आधी ठरवा. पहिल्यांदा विचारलेल्या नावाला अनबाउंड जरा जास्त वेळ घेतं, नंतर कॅशे सांभाळते. ५३३५ पोर्टवर चालवा आणि ईडीएनएसचा बफर (उत्तराच्या आकाराची मर्यादा) १२३२ ठेवा, म्हणजे मोठी उत्तरं वाटेत तुकडे होऊन हरवत नाहीत.

पायवरचा एक फास लक्षात ठेवा. पाय ३ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज जाऊन आली की त्याची वेळ मागे पडते. वेळ चुकली की डीएनएसएसईसीच्या (उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या) सह्या अवैध ठरतात आणि नावं सापडत नाहीत. नावं सापडत नाहीत म्हणून वेळेचा सर्व्हरही सापडत नाही, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. पायच्या वेळ-सेवेत किमान एक सर्व्हर नावाऐवजी अंकी पत्त्याने लिहा, नाहीतर छोटं आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल लावा.

कार्डासाठी: डेटाबेसमध्ये लिहिण्याचा अवधी ६० सेकंदांवरून ६०० करा. अचानक वीज गेली तर दहा मिनिटांच्या नोंदी जातील, एवढंच. नोंदी ठेवण्याची मुदत पायहोल ६ मध्ये ९१ दिवस आहे, गरज नसेल तर ३० करा. पायहोलच्या टेलिपोर्टरने सेटिंग्जची प्रत काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवा. तिच्यात क्वेरींचा इतिहास येत नाही, तो हवा असेल तर डेटाबेसची फाइल वेगळी उचला.

उपजाल
बाहेर असतानाही हे वापरावंसं वाटेल. तेव्हा राउटरवर ५३ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडू नका. उघडा रिझॉल्व्हर (डीएनएस सर्व्हर) सापडला की त्याचा वापर दुसऱ्यांवर हल्ला वाढवायला होतो. वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा, फक्त त्याचा ५१८२० हा यूडीपी पोर्ट उघडा आणि फोनच्या वायरगार्ड सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १९२.१६८.१.२ लिहा.

आणि घरातल्या माणसांना सांगून ठेवा की लॉगमध्ये कोण कुठली साइट बघतो ते दिसतं. त्यांना ते नको असेल तर प्रायव्हसी लेव्हल १ वर डोमेन लपतात, २ वर डोमेन आणि क्लायंट दोन्ही. हा बदल पुढच्या नोंदींना लागू होतो. आधी लिहिल्या गेलेल्या नोंदी डेटाबेसमधून हातानेच पुसाव्या लागतात.