अनुभव धागा: पशुवैद्यकातल्या मेडिसिनची उजळणी, रोग धरून नव्हे, लक्षण धरून

मेडिसिनचा पेपर असो, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) असो की पुढची पशुधन विकास अधिकारी पदाची परीक्षा, यादी पाठ असूनही गाडी अडते, कारण विचारणारा रोगाचं नाव सांगतच नाही. तो म्हणतो, ‘पाचव्या वेताची संकरित गाय, काल व्यायली, आज उठत नाही.’ शेतकरीही असंच सांगतो. म्हणून विनंती एवढीच की प्रत्येकाने एक लक्षण घ्यावं आणि त्याभोवती उजळणी कशी करायची ते लिहावं. आकडे हवेत, डोस हवेत, गल्लत कुठे होते आणि का होते ते हवं. निकाल, आठवणी, कॉलेजचे किस्से नकोत.

सुरुवात नॉर्मलपासून करतो, कारण ते ओठावर नसेल तर पुढचं सगळं हवेत राहतं. गाय १०१.५ अंश फॅरनहाइट, शेळी-मेंढी १०२ ते १०३, घोडा १०० च्या आसपास, कुत्रा १०१.५ ते १०२, कोंबडी १०६ ते १०७. नाडी गाईत शेपटीखालच्या धमनीवर, ६० ते ८०; घोड्यात खालच्या जबड्याच्या कडेला, २८ ते ४०; कुत्रा आणि शेळीत मांडीच्या आतल्या फिमोरल धमनीवर. रूमेनची (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्याची) हालचाल डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ दाबून, मिनिटाला एक ते दोन, आणि मोजायची किमान दोन मिनिटं. थर्मामीटर शेणात खुपसलेला राहिला तर आकडा कमी येतो, तो गुदाशयाच्या भिंतीला टेकला पाहिजे. हात घालून तपासणी आधी केली तर आत हवा जाते आणि ताप असून दिसत नाही. आधी तापमान, मग हात. प्रॅक्टिकलमध्ये हा क्रम चुकला की पुढचं निदान कितीही बरोबर असो, परीक्षकाच्या नजरेतून तो सुटत नाही.

श्रेणी १ दवाखान्यातून, मराठवाडा

उठत नसलेली गाय मी घेतो. व्यायल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या आत, तिसऱ्या वेतापुढची, दूध भरपूर, नाक कोरडं, कान गार, मान एस आकारात वळवून डोकं कुशीवर: हा दुग्धज्वर, दुसरी अवस्था. नावात ज्वर असला तरी तापमान नॉर्मल किंवा त्याखाली असतं, आणि हा प्रश्न हमखास येतो. सीरम कॅल्शियम नॉर्मलला १०० मिलीत ८.५ ते १० मिग्रॅ असतं. दुसऱ्या अवस्थेत ते ३.५ ते ६.५ वर आलेलं असतं. पहिली अवस्था थरथर आणि अस्वस्थतेची, ती थोडाच वेळ टिकते म्हणून क्वचितच पाहायला मिळते. तिसरीत जनावर आडवं पडतं, पोट फुगतं, हृदयाचा ठोका कानाला जेमतेम लागतो.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेट २५ टक्के, ४५० मिली. यातून साधारण ९ ग्रॅम कॅल्शियम जातं. बाटली अंगाच्या तापमानाइतकी कोमट करून, शिरेतून, १० ते १५ मिनिटांत, आणि तेवढा वेळ स्टेथोस्कोप हृदयावर. ठोके अडखळले की थांबायचं. घाई केली तर गाय कॅल्शियमच्या कमतरतेने नाही, कॅल्शियमनेच हृदय थांबून मरते. उत्तरात हे वाक्य लिहाच. डोस लागू पडल्याच्या खुणा अशा: नाकावर दव येतं, ढेकर निघतो, अंगावर बारीक कंप येतो, शेण पडतं, ठोके संथ आणि ठळक होतात.

बाटली जाऊनही उठली नाही तर दुसरी लावण्याआधी कास बघा. विषारी कासदाहातही गाय अशीच पडते आणि तापमान नॉर्मलखाली असू शकतं. मग गर्भाशय, मग मागच्या पायांच्या नसा आणि खुबा, मग फॉस्फरस, मॅग्नेशियम.

विण्याआधी ‘ताकद यावी’ म्हणून कॅल्शियम चारलं जातं, त्यावरही प्रश्न असतो. भाकड काळात कॅल्शियम जास्त मिळालं की पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते, आणि चिकाबरोबर कॅल्शियम एकदम बाहेर पडतं तेव्हा हाडातून ते काढून देणारं कोणी उरत नाही.

मेडिसिन शिकवणारी, पश्चिम महाराष्ट्र

लाल लघवी. एवढी एक केस नीट बसली की निम्मा सिलॅबस उजळतो.

पहिली पायरी परीक्षानळी. लघवी उभी ठेवा किंवा सेंट्रिफ्यूज करा. लाल गाळ खाली बसून वरचं स्वच्छ झालं तर रक्तपेशी आहेत, म्हणजे मूत्रपिंड, मूत्राशय, दगड यांकडे जा. लाल तसंच राहिलं तर रक्त काढून प्लाझ्मा (पेशी वगळून उरलेला रक्तद्रव) बघा. प्लाझ्मा गुलाबी असेल तर हिमोग्लोबिन. प्लाझ्मा स्वच्छ आणि लघवी कॉफीसारखी असेल तर मायोग्लोबिन. सुट्टीनंतर कामाला जुंपलेल्या घोड्याचं उदाहरण इथे द्यायचं.

हिमोग्लोबिन ठरलं की लगेच थर्मामीटर. ताप १०४ च्या वर आणि अंगावर गोचीड असतील तर बॅबेसिया (गोचिडांतून येणारा, तांबड्या पेशीतला परजीवी). ताप नाही, म्हैस दोन ते चार आठवड्यांपूर्वी व्यायलेली, दूध चांगलं, तर फॉस्फरसची कमतरता. तांबड्या पेशीत एटीपी (पेशीची ऊर्जा) तयार व्हायला फॉस्फरस लागतो. तो नसला की पेशीचं आवरण तग धरत नाही आणि ती रक्तवाहिनीतच फुटते. उपचार सोडियम ॲसिड फॉस्फेट ६० ग्रॅम, ३०० मिली डिस्टिल्ड पाण्यात, शिरेतून, आणि तेवढंच त्वचेखाली. याच द्रावणात कॅल्शियम मिसळलं तर गाळ धरतो, म्हणून दोन्ही एका बाटलीत कधीच नाही.

आता गल्लतीची जागा. थायलेरिया आणि ॲनाप्लाझ्माही गोचिडांमुळेच, तापही तसाच, पण लघवी सहसा लाल होत नाही. ॲनाप्लाझ्मात पेशी रक्तवाहिनीत फुटत नाहीत, प्लीहा त्यांना गिळते. म्हणून कावीळ दिसते, लाल लघवी नाही. थायलेरियात खांद्यापुढची लसिका गाठ लिंबाएवढी हाताला लागते. ‘पेशी कुठे फुटते’ हा प्रश्न स्वतःला विचारला की तिन्ही रोग आपोआप वेगळे होतात, घोकावे लागत नाहीत.

औषधं: बॅबेसियाला डायमिनाझिन ३.५ मिग्रॅ प्रति किलो, खोल स्नायूत. थायलेरियाला बुपार्वाक्वोन २.५ मिग्रॅ प्रति किलो. ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन १० मिग्रॅ प्रति किलो.

प्रयोगशाळेतून

वरच्याला जोड. बॅबेसियासाठी स्मिअर (काचपट्टीवरचा पातळ थर) कानाच्या टोकाच्या बारीक शिरेतून घ्या, केशवाहिन्यांत परजीवी जास्त सापडतो. थायलेरियाचे कॉखचे निळे पिंड लिंफोसाइटमध्ये असतात, म्हणून गाठीतून सुई घालून स्मिअर. मिथेनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटं, मग जिम्सा रंग १:१०, अर्धा ते पाऊण तास. बॅबेसिया बायजेमिना: नासपतीच्या आकाराची जोडी, दोघांमध्ये लघुकोन, पेशीच्या त्रिज्येपेक्षा लांब. बोव्हिस: बृहत्कोन, लहान. ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल पेशीच्या कडेला गडद ठिपका. रंगाचा गाळ हुबेहूब तसाच दिसतो, पण फोकस किंचित हलवला की गाळ पेशीच्या वर चमकतो आणि पेशी धूसर होते. स्लाइड ओळखायच्या परीक्षेत फोकसचा स्क्रू फिरवल्याशिवाय उत्तर लिहू नका.

सर्वचिकित्सालय, विदर्भ

डावी भकाळी फुगलेली. नळी घाला. वायू सुटून पोट बसलं तर मोकळा वायू, मग अन्ननलिकेत अडकलेला घास, तार-खिळ्याचा आजार, आडवं पडून राहणं अशी कारणं शोधा. नळीतून फेसच आला आणि पोट तसंच राहिलं तर फेसाळ पोटफुगी, कोवळा लसूणघास किंवा बरसीम खाल्लेला. इथे ट्रोकार (पोट टोचून वायू काढायची नळी) मारूनही फायदा नाही, कारण वायू लाखो बुडबुड्यांत अडकलेला असतो. आधी बुडबुडे फोडायचे: सिमेथिकोन, किंवा खाद्यतेल अर्धा लिटर.

लग्नातला उरलेला भात, ज्वारी-मका पोटभर खाल्लेलं जनावर आलं तर रूमेनचा पीएच काढा. नॉर्मल ६.२ ते ७.२, दाण्याच्या आम्लतेत ५ च्या खाली, युरियाच्या विषबाधेत ७.५ च्या वर. नळीतून निघालेले पहिले २०० मिली फेकून द्या. त्यात लाळ असते आणि पीएच खोटा वर जातो. द्रव दुधट-राखी, आंबट वास, प्रोटोझोआ मेलेले. तीव्र केसमध्ये ५ टक्के सोडियम बायकार्बोनेट, ४५० किलोच्या गाईला ५ लिटर, अर्ध्या तासात शिरेतून, मग १.३ टक्क्यांचं सावकाश. युरियात उलट: व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी, म्हणजे रूमेनमध्ये युरिएजचं (युरियाचा अमोनिया करणाऱ्या एन्झाइमचं) काम मंदावतं. पीएच न बघता अंदाजाने अल्कली पाजणं ही चूक लेखी उत्तरातही होते आणि गोठ्यातही.

श्रेणी १ दवाखान्यातून, पुन्हा

कोवळी किंवा पाऊस लांबल्याने खुरटलेली ज्वारी खाऊन जनावर धडपडतंय. दोन विषं, दोन रंग. सायनाइडमध्ये ऊतींना ऑक्सिजन वापरताच येत नाही, तो रक्तातच राहतो, म्हणून शिरेतलं रक्तही लालभडक. नायट्रेटमध्ये हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, रक्त चॉकलेटी.

सायनाइडला सोडियम नायट्राइट ५ ग्रॅम आणि सोडियम थायोसल्फेट १५ ग्रॅम, २०० मिली पाण्यात, शिरेतून. नायट्रेटला मेथिलीन ब्लू १ टक्का. धोका असा की नायट्राइट मुद्दाम मेथहिमोग्लोबिन तयार करतं, सायनाइड त्याला चिकटावं म्हणून. तेच नायट्राइट नायट्रेटच्या रोग्याला गेलं तर जनावर हातात मरतं. ज्वारीत दोन्ही विषं असू शकतात. रंग ठरत नसेल तर नुसतं थायोसल्फेट द्या, त्याने नुकसान होत नाही. पिक्रेट कागद पिवळ्याचा विटकरी झाला तर सायनाइड, डायफिनिलअमाइनने निळा रंग आला तर नायट्रेट.

रोग अन्वेषण शाखेतून

अचानक मेलेलं जनावर. नाका-गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त, ताठरपणा अर्धवट, पोट झपाट्याने फुगलेलं: काळपुळीचा संशय, शव उघडायचं नाही. आतल्या जिवाणूला ऑक्सिजन मिळाला की तो बीजाणू बनवतो आणि ते मातीत दशकानुदशकं जगतात. कानाच्या शिरेतून एक स्मिअर, पॉलिक्रोम मेथिलीन ब्लू. निळ्या चौकोनी टोकाच्या दांड्यांभोवती जांभळट-गुलाबी कवच दिसलं की काळपुळीची मॅकफॅडियन चाचणी पॉझिटिव्ह. शव खोल खड्ड्यात, चुन्यासह. लस जिवंत बीजाणूंची असते, म्हणून लसीच्या आगेमागे पेनिसिलिन दिलं तर लस वाया जाते.

घटसर्प आणि फऱ्या हाताने वेगळे करा. घटसर्पात सूज घशाला, गरम, दुखरी, दाबल्यावर आवाज नाही, म्हशीत जास्त. फऱ्यात सहा महिने ते दोन वर्षांचं धष्टपुष्ट जनावर, खांद्यावर किंवा मागच्या मांडीवर सूज, दाबली की करकर. दोन्ही लसी पावसाळ्याआधी.

मुंबईहून, लहान प्राण्यांची प्रॅक्टिस

लाळ गळणाऱ्या प्राण्याबद्दल एवढंच, मग तो कुत्रा असो की गाय. ‘घास अडकलाय’ म्हणून तोंडात हात घालण्याआधी रेबीज मनात आलाच पाहिजे. लाळ्या खुरकुतात ताप, जिभेवर आणि खुरांच्या फटीत फोड असतात. रेबीजमध्ये आवाज बदलतो, गिळता येत नाही, मागचे पाय डळमळतात. नेग्री पिंड (रेबीजमध्ये मेंदूच्या पेशींत दिसणारे ठिपके) कुत्र्यात हिप्पोकॅम्पसमध्ये शोधायचे, गाईत सेरेबेलमच्या पर्किंजे पेशींत. व्हायव्हात ‘हातमोजे’ हा शब्द परीक्षकाने काढून घेण्याआधी तुमच्या तोंडून आला पाहिजे.

आणि वेदनाशामक लिहाल तेव्हा डायक्लोफिनॅक लिहू नका. ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. मेलॉक्सिकॅम ०.५ मिग्रॅ प्रति किलो.

तयारी करून घेणारा, नागपूर

गणितं राहिली. वजन: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ३००, उत्तर पौंडात. घेर ६८, लांबी ५४ तर ८३२ पौंड, म्हणजे ३७८ किलो. बुपार्वाक्वोन ५ टक्के म्हणजे मिलीत ५० मिग्रॅ, २.५ मिग्रॅ प्रति किलोने २० किलोला १ मिली, ४०० किलोच्या गाईला २० मिली. टक्क्यातला आकडा दहाने गुणला की मिलीत किती मिग्रॅ ते कळतं, आणि दशांश चिन्ह बहुतेकदा याच पायरीवर घसरतं.

हगवणीचं वासरू, ४० किलो, डोळे आत गेलेले, ८ टक्के निर्जलीकरण: ३.२ लिटर तूट. बेस डेफिसिट (रक्तातल्या अल्कलीची तूट) १५ धरलं तर ४० गुणिले ०.६ गुणिले १५, म्हणजे ३६० मिलिइक्विव्हॅलंट. बायकार्बोनेटच्या एका ग्रॅममध्ये १२, म्हणून ३० ग्रॅम. मोठ्या जनावरात ०.६ ऐवजी ०.३. हे ३० ग्रॅम १.३ टक्क्यांनी दिले तर २.३ लिटर होतात. तुटीतले उरलेले ९०० मिली नॉर्मल सलाइन किंवा डेक्स्ट्रोज. रिंगर लॅक्टेटमध्ये बायकार्बोनेट मिसळायचं नाही, त्यात कॅल्शियम असतं आणि बाटलीत पांढरा गाळ बसतो.