पार्किन्सन्स आणि चक्कर : बाबांना सकाळी उठताना तोल सांभाळवत नाही

सातारची लेक :
बाबा ७४ वर्षांचे, बऱ्याच वर्षांपासून पार्किन्सन्स. लेवोडोपा-कार्बिडोपा चालू आहे. हल्ली सकाळी पलंगावरून उठले की "चक्कर येतेय" म्हणून भिंत धरतात. परवा बाथरूमला जाताना पडले, कपाळाला खोक पडली. जवळच्या दवाखान्यातून चकरेसाठी सिनारिझिन मिळाली, पण त्यानंतर चालणं अजूनच जड झालंय. मी ठाण्याला, आई एकटी बघते. जीव थाऱ्यावर नाही.

निवृत्त सिस्टर :
ताई, डोक्याला लागलंय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गुंगी, उलटी असेल तर आत्ताच दाखवा. आणि न्यूरोलॉजिस्टना आजच फोन करून सिनारिझिनबद्दल सांगा. ती डोपामिनचं, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं, काम अडवते; बाबांची लेवोडोपा तेच रसायन वाढवते, म्हणजे नेमकं उलट. मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या उलटी-मळमळीच्या गोळ्यांचंही तेच. आमच्या ह्यांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर मी ही तिन्ही नावं लाल पेनाने लिहून ठेवलीत. लेवोडोपा मात्र मनाने बंद करू नका.

बाबांना नेमकं काय होतं? खोली गरगरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं ठीक पण पाय उचलत नाहीत? अंधारी येत असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. कुणीतरी धरून उभं राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं.

सातारची लेक :
अंधारीच येते म्हणाले. भावाने मोजलं : झोपून १३८/८०, उभं राहिल्यावर १०४/६६! गुंगी, उलटी नाही. डॉक्टरांनी सिनारिझिन थांबवली. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनही आहे.

निवृत्त सिस्टर :
तीही सांगा, तिनेही बीपी उतरतं. सिनारिझिनचा परिणाम ओसरायला वेळ लागतो, धीर धरा. सकाळी उठायच्या आधी ग्लासभर पाणी, मग पलंगाच्या काठावर बसून पावलं वरखाली, मगच उभं राहणं. रात्री उशाशी लघवीचं भांडं ठेवा, अंधारातली ती फेरीच घातक असते.

फिजिओ, कोल्हापूर :
कुशीवर वळताना खोली फिरत असती, तर कानातले कण सरकल्याचा संशय घेतला असता. ते एप्ली पद्धतीने, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून, बसवता येतात, पण व्हिडिओ बघून घरी करू नका. वळताना जागेवर गिरकी नको, छोटी पावलं टाकत मोठा वळसा घ्यायला शिकवा. हातात तांब्या-कपडे काही नको.

स्वतः रुग्ण, नाशिक :
आईंना एवढं सांगा : पाय अडले की हात धरून ओढू नका आणि "चला, चला" करू नका. मी तेव्हा आणखीच थिजतो. बायको शेजारी थांबते, तिचं पाऊल माझ्या पावलापुढे आडवं ठेवते, आणि ते ओलांडायला म्हणून माझा पाय उचलतो.