सामायिक कोड: सबमॉड्यूल की सबट्री?

प्रश्न (रत्नागिरी): हापूसच्या पेट्यांचं बिलिंग आणि गुहागरकडच्या होमस्टेचं बुकिंग, अशी दोन अ‍ॅप्स सांभाळतो. जीएसटी आणि पावती छापण्याचा कोड दोन्हीकडे तोच. आत्ता फोल्डर कॉपी करतो, मग एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे पोचतच नाही. पावसात नेटचा भरवसा नसतो. गिटचं (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) सबमॉड्यूल, म्हणजे एका रेपोत (कोडच्या साठ्यात) दुसरा रेपो जोडणं, घेऊ का?

उत्तर: घे. मुख्य रेपोत लायब्ररीच्या (म्हणजे तुझ्या सामायिक कोडच्या) एका ठरावीक कमिटची (जतन केलेल्या बदलाची) नोंद राहते, कोड नाही. लायब्ररी पुढे गेली तरी अ‍ॅप तू हलवल्याशिवाय हलत नाही, आणि ऐन एप्रिल-मेत बिल बिघडता कामा नये म्हणून मला हेच मोलाचं वाटतं. क्लोनला (रेपो उतरवून घेताना) ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ दे, नाहीतर फोल्डर रिकामा येईल. ‘पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स’ हे सेटिंग ‘चेक’वर ठेव, लायब्ररीचा कमिट सर्व्हरवर नसेल तर गिट पुश (सर्व्हरवर पाठवणं) अडवतं.

उत्तर: नेटचं बघता मी सबट्री म्हणेन. त्यात लायब्ररीचा कोड अ‍ॅपच्या रेपोतच असतो, एका क्लोनमध्ये सगळं हाती. फक्त लायब्ररीचे बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, परत पाठवताना इतिहास स्वच्छ राहतो.

प्रश्नकर्ता: दादा, लायब्ररीत हात घालणारे आम्ही दोघंच. बिलिंगला सबमॉड्यूलच लावतो.