जुन्या पिकअपला इंजिन कोणतं? 'ब्रॅकेट मारलं की बसतं'वाल्यांना उत्तर

फीलरगेज

परवा इथे फोरमवर एकाने विचारलं: २००५ ची बोलेरो कॅम्पर, २५२३ सीसीचं डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन, मेकॅनिकल पंप. ऑइल खाते, चढाला दम टाकते, माल भरला की पाणी उकळतं. इंजिन बदलायचंय, कोणतं घालू? त्यावर सगळ्यांनी उचलून धरलेलं उत्तर असं: "जुनं रडगाणं सोडा. टाटाचं ४९७ घाला. २९५६ सीसी आहे, ब्रॅकेट मारलं की बसतं, गाडी नवी होते."

ब्रॅकेटवर इंजिन टेकतं हो. बसत नाही.

बसवायचं म्हणजे काय ते ऐका. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा, मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट आली. प्लेट २० मिमी जाड असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक तेवढंच मागे राहतं आणि स्पिगॉट बेअरिंगमध्ये (क्रँकच्या टोकातलं, शाफ्टला आधार देणारं) अर्धंमुर्धं शिरतं. त्यासाठी लांब बुश करून घ्यावा लागतो. मग सेंटर. क्रँकच्या फ्लँजवर डायलगेज लावून बेल हाउसिंगचं (क्लचवरच्या कवचाचं) बोअर फिरवून बघायचं. काटा ०.२ मिमीच्या पुढे गेला तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग रडायला लागणार आणि क्लच प्लेटचा हब फाटणार. किती गॅरेजमध्ये हा काटा लावतात? बहुतेक ठिकाणी "बोल्ट सरळ गेले ना?" एवढंच माप.

पुढे संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं पातेलं. क्रॉसमेंबरवर टेकतो म्हणून कापून वेल्ड करतात. आता ऑइल खेचणारी जाळी, स्ट्रेनर, एका कोपऱ्यात आणि ऑइल दुसऱ्या. घाट उतरताना ब्रेक दाबला की ऑइल प्रेशरचा दिवा पेटतो. ब्रेकवरून आठवलं, डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोलसारखा वॅक्यूम नसतो, ब्रेकच्या बूस्टरला वॅक्यूम आल्टरनेटरच्या मागच्या पंपाकडून येतो आणि त्या पंपाला ऑइलची वेगळी नळी लागते. ही नळी विसरली की पेडलचा दगड होतो.

आणि कागद. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल चालत नाही. दहा किंवा जास्त परिवहन (ट्रान्सपोर्ट) गाड्या असलेल्या मालकांना परवानगीशिवाय इंजिन बदलायची जी सवलत कायद्यात ठेवली आहे, तीसुद्धा त्याच मेकच्या आणि त्याच टाइपच्या इंजिनापुरती. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. दरवर्षी इन्स्पेक्टरसमोर ४९७ चं काय सांगणार?

माझं मत: आहे तेच इंजिन उतरवा, मोजा, फुल काम करा. ब्लॉक तोच राहतो, नंबर तोच राहतो, इंजिनासाठी आरटीओत जायचंच नाही.

नट_बोल्ट

ते उत्तर माझंच. प्रवचन छान. पण तुम्ही ज्याला कवटाळून बसलाय ते २५२३ म्हणजे ट्रॅक्टरचं इंजिन आहे. ४९७ लो आरपीएमला जे ओढतं त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि स्पेअर प्रत्येक तालुक्याला मिळतो.

फीलरगेज

ट्रॅक्टरचं आहेच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) १०१.६ मिमी, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या ट्रॅक्टर इंजिनांची मापं ही. म्हणून तर त्याची पिस्टन-लायनर किट, बेअरिंग, ऑइल पंप जिथे ट्रॅक्टरचं दुकान तिथे मिळतात. तुमचा स्पेअरचा मुद्दा माझ्याच पारड्यात पडला.

ओढायचं म्हणाल तर ४९७ चा टॉर्क झेलायला क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन त्या ताकदीचे नकोत का? इंजिन मोठं आणि मागची हाउसिंग तीच, मग पहिल्या भरल्या घाटात काय तुटतं ते सगळ्यांना माहीत आहे.

कुर्ला_रिटर्न

४९७ नको, मान्य. पण "उतरवा, मोजा, फुल काम करा" हे कोणत्या मशीनशॉपच्या भरवशावर? कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगले हात आहेत. बाकी ठिकाणी काय चालतं?

क्रँक ०.२५ ला ग्राइंड करतात आणि जर्नलच्या (बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली फिलेटची गोलाई उडवून टाकतात. चाकाची कड ड्रेस करायचा कंटाळा. तो काटकोनी कोपरा म्हणजे तडा जायची ठरलेली जागा. बोअर झाल्यावर होनिंगची जाळी (भिंतीवर घासून काढलेल्या तिरक्या रेघा) ४५ अंशांच्या आसपास यायला हवी, तिथे घासलेले दगड फिरवून भिंत आरशासारखी करून देतात आणि गिऱ्हाईक "काय चकचकीत आहे" म्हणून खूश. त्या आरशावर रिंग बसतच नाही, ऑइल पहिल्या दिवसापासून खाते. रिंगचा गॅप तर कुणी बघतच नाही. ८८.९ च्या बोअरला ०.३ ते ०.४ मिमी लागतो, पाकिटातून काढली की सरळ पिस्टनवर.

त्यापेक्षा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून त्याच मेकचं, त्याच टाइपचं चालू इंजिन आणा. घेताना एवढं बघा. इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर तिथूनच परत फिरा. ऑइलचं झाकण काढून उलटं ठेवा, नाचून खाली पडलं तर ब्लो-बाय आहे, म्हणजे गॅस रिंगांवरून खाली गळतोय. क्रँकच्या पुलीला पहार लावून पुढेमागे हलवा, हाताला टक् टक् लागली तर क्रँकची पुढची-मागची हालचाल रोखणारे थ्रस्ट वॉशर गेले. संप उघडू देत नसतील तर घेऊ नका. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, आणि आकड्यापेक्षा एकमेकांतला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांपलीकडे फरक नको. इंजिन नंबर स्पष्ट हवा, घासलेला-खोडलेला अजिबात नको, आणि त्या गाडीच्या कागदांसकट पक्की पावती. मग आरटीओत परवानगीचा अर्ज, तपासणी, आरसीवर नवीन नंबर.

माल_वाहतूक

+१. फुल काम म्हणजे हेड इकडे, ब्लॉक तिकडे, पंप तिसरीकडे. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही हे मापं घेणाऱ्यांना कोण सांगणार?

मेकॅट्रॉनिक

महिंद्राचंच एम-टू-डीआय-सीआर का नाही? तेच २५२३, तोच बोअर-स्ट्रोक, फक्त इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक (कॉमन रेल). धूर कमी, अ‍ॅव्हरेज जास्त.

फीलरगेज

कारण सीसी जुळलं म्हणजे गाडी जुळली असं नसतं. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, इलेक्ट्रॉनिक पेडल, डिझेलची रिटर्न लाइन, वेगळा फिल्टर. वीस वर्षांच्या गाडीचं अर्थिंग आधीच कुजलेलं. दात असलेल्याला चणे द्या.

पाटा_स्प्रिंग

सगळे इंजिनाच्या मागे लागलात, पण त्या माणसाने लिहिलंय "माल भरला की पाणी उकळतं". एकानेही विचारलं नाही की थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरचा रस्ता उघडणारी झडप) आहे का! आपल्याकडच्या निम्म्या इंजिनांचा खून थर्मोस्टॅट काढून टाकणाऱ्यांनी केलाय. नवीन घाला, कुर्ल्याचं घाला, विमानाचं घाला, घरात बसलेला खुनी तोच राहिला तर तेही मरेल.

फिटर_नाना

थर्मोस्टॅट थंड देशातलं खूळ आहे. इथे विदर्भात मे महिन्यात ४५ अंश असतात. झडप ठेवून पाणी अडवायचं कशाला? काढला की पाणी मोकळं फिरतं, काटा खाली राहतो. हजार गाड्यांना हेच केलेलं आहे.

पाटा_स्प्रिंग

नाना, आदर ठेवून सांगतो, काटा खाली राहतो हाच रोग आहे. इंजिन ८० च्या वर चालायला बनवलंय. ५५-६० वर चालवलं की डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल थंड भिंतीवर जमतं. लायनर वरच्या रिंगच्या जागी खाल्ला जातो. मग तुम्हीच म्हणता "ऑइल खाते".

दुसरं. ज्या इंजिनात बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारा रस्ता) आहे तिथे थर्मोस्टॅट गरम झाल्यावर नुसता रेडिएटरचा रस्ता उघडत नाही, बायपासही बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. पाण्याला सोपा रस्ता मिळाला की ते रेडिएटरकडे का जाईल? रिकाम्या गाडीत चालून जातं, भरल्या गाडीने घाट चढताना उकळतं. आणि हीच तक्रार त्या माणसाची आहे.

फिटर_नाना

पुस्तकं आम्हीही वाचली. बाजारात मिळणारे डुप्लिकेट थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकतात तेव्हा हेड वाकतं, ते कुठल्या पुस्तकात आहे?

पाटा_स्प्रिंग

डुप्लिकेट ब्रेकपॅड मिळतात म्हणून ब्रेक काढून टाकता का?

घालण्यापूर्वी तपासा. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर ८२ छापलं असेल तर ८०-८४ च्या दरम्यान झडपेची कड सुटून बारीक फट दिसायला हवी, ९५ पर्यंत पूर्ण उघडायला हवी. गॅस बंद केला की परत मिटायला हवी. पाच मिनिटांचं काम. बसवताना कडेची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. खाली आली की एअरलॉक.

माल_वाहतूक

आता धागा थर्मोस्टॅटचा झाला का? मग बोअरवेलचं पाणी पण घ्या! मराठवाड्यात बोअरवेलचं पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्यांत चुना बसतो, त्यावर कोण बोलणार? कूलंट सांगितलं की म्हणतात "पाणी फुकट आहे".

कुर्ला_रिटर्न

कॅपवर पण बोला मग. ०.९ बारची कॅप धड असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर फाटलेल्या कॅपने तेच शंभरावर. फॅनभोवतीचं कवच, श्राउड, तुटून पडलं तर फॅन तीच गरम हवा गोल फिरवतो. या गोष्टी बघितल्याशिवाय इंजिन उतरवणारा मेकॅनिक आपला नव्हे.

नट_बोल्ट

व्वा. तीन दिवस ४९७ ला शिव्या घातल्या आणि शेवटी निदान काय, रेडिएटरचं झाकण. 😂

फीलरगेज

निदान नाही, क्रम. आधी इंजिन का मेलं ते शोधायचं, मग दुसरं कोणतं ते ठरवायचं. आणि कुर्ला_रिटर्न, तुमचं एक मान्य करतो, मनावर दगड ठेवून: बोअरगेज नसलेल्या मशीनशॉपपेक्षा पावतीसकटचं त्याच मेकचं इंजिन परवडलं. पण तेही जसंच्या तसं बसवू नका. जुन्या इंजिनाचं बेअरिंग गेलेलं असेल तर त्याची भुकटी ऑइल कूलरमध्ये आणि टर्बोच्या नळीत बसलेली असते. कूलर नवा घाला, धुऊन तो पूर्ण साफ होत नाही. टर्बोच्या बँजो बोल्टमध्ये (ऑइलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) जाळी असेल तर ती बघा.

फिटर_नाना

बरं बाबा. थर्मोस्टॅट ठेवा. कंपनीचाच घ्या. आणि रस्त्यात अडकला तर पाटा_स्प्रिंग साहेबांना फोन करा, पातेलं घेऊन येतील.

कॅम्पर_२००५

मूळ प्रश्न माझा. हाउसिंग उघडून घेतली. थर्मोस्टॅट आत नाहीच. पाणी चहासारखं. कॉम्प्रेशन: २६, २५, १७, २५. तिसऱ्यात थोडं ऑइल टाकून परत घेतलं तर २३ वर गेलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, म्हणजे हेडचं गॅस्केट गेलेलं दिसत नाही.

पाटा_स्प्रिंग

😐

कुर्ला_रिटर्न

ऑइलने चढलं म्हणजे व्हॉल्व्ह नाही, रिंग किंवा बोअर. इंजिन उतरणारच. कुर्ल्याला या.

फीलरगेज

घाई नको. हेड उतरल्यावर तिसऱ्याचं माप घ्या: वर, मधे, खाली, प्रत्येक जागी क्रँकच्या दिशेने आणि त्याला आडवं. सहा आकडे इथे टाका. फरक ०.१५ मिमीच्या आत असेल तर होन आणि नवीन रिंगांवर भागेल, पुढे गेला तर चारही सिलिंडरचं बोअर, एकट्या तिसऱ्याचं नाही. हेडची पाण्याच्या प्रेशरवर तडा-तपासणी करून घ्या, उकळलेलं आहे ते.

नट_बोल्ट

आणि ०.५ आला तर ४९७ ला शिव्या घालणाऱ्यांनी वर्गणी काढावी.