आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो, मग स्कायडायव्हिंग झेपेल का?

गड्ड्याची_लेक
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ दुबईत असतो, डिसेंबरात आम्ही सगळे जाणार आहोत तर त्याने मला न विचारता स्कायडायव्हिंगचं बुकिंग करून टाकलंय, पाम जुमेराह म्हणजे खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट आहे ना समुद्रात, त्याच्या वर १३,००० फुटांवरून मारतात ती. म्हणतो ताई चाळिशीचं गिफ्ट. मला मनापासून जायचंय, लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हापासून वाटायचं की एकदा तरी तिथून वरून खाली बघावं. पण सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळणा खाली यायला लागला की माझ्या पोटात असा गोळा येतो की मी डोळे मिटून दांडी घट्ट धरून बसते. ते पाच सेकंद पण सहन होत नाही आणि इथे म्हणे मिनिटभर पडायचं! मिनिटभर तोच गोळा राहतो का? व्हिडिओत सगळे ओरडताना दिसतात, आत नक्की काय होतं ते कुणी सांगत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

खाडीपलीकडचा
ताई मी तिथंच केलंय, दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत. पहिलं उत्तर देतो, गोळा आला नाही. मलाही पाळणा सोसत नाही म्हणून हे ठामपणे सांगतोय.

सगळ्यात अवघड काय असेल तर विमानाचं दार. वर जाताना पंधरा-वीस मिनिटं लागतात, बाकावर एकामागे एक बसवतात, खाली तो खजुराच्या झाडाचा आकार आधी मोठा मग हळूहळू हाताच्या पंजाएवढा होतो, तोपर्यंत मी मजेत होतो. मग मागचा इन्स्ट्रक्टर तुमचा हार्नेस (अंगाला बांधलेले पट्टे) स्वतःच्या हार्नेसला जोडतो, खांद्याला दोन आणि कमरेला दोन हुक, आणि इतका आवळतो की श्वास घेताना त्याची छाती पाठीला लागते. मग दार उघडतं. तो आवाज आणि ती थंडी एकदम आत येते आणि पुढचे लोक एक क्षण दिसतात नि पुढच्या क्षणी नसतात. ते "नसतात" बघणं मला सगळ्यात जड गेलं, माझे पाय खरंच लटपटत होते.

दारात बसल्यावर पाय बाहेर हवेत, डोकं मागे त्याच्या खांद्यावर टेकवायचं, हात छातीवर. उडी आपल्याला मारावी लागत नाही, तो पुढे झुकतो की झालं. मग दोन-तीन सेकंद काय वर काय खाली काहीच कळत नाही, आभाळ समुद्र आभाळ असं फिरतं, आणि मग स्थिर. आणि ते स्थिर झाल्यावर पडतोय असं वाटतच नाही हो! जोराच्या वाऱ्यावर पालथं झोपल्यासारखं वाटतं. जमीन जवळ येतेय असंही दिसत नाही कारण शेजारी काही नसतंच ज्याच्यावरून वेग कळावा. गाल फडफडतात, तोंड कोरडं पडतं, आवाज इतका की स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही. मिनिट कधी संपलं कळलं नाही.

५,००० फुटांच्या आसपास पॅराशूट उघडतं, मांड्यांना पट्टे करकचून बसतात, पालथे होतो ते एकदम उभे होतो, आणि मग शांतता. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मागचा माणूस साध्या आवाजात बोलला ते नीट ऐकू आलं. मला रडू आलं, का ते सांगता येणार नाही. लोक फ्रीफॉलचं, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या त्या पडण्याचं, कौतुक करतात, माझ्यासाठी ती पुढची पाच-सहा मिनिटंच सगळं होतं.

मास्तर_निवृत्त
वरच्या उत्तराला थोडी भर घालतो, शाळेत विज्ञान शिकवलंय त्यामुळे राहवत नाही. पोटात गोळा येतो तो उंचीमुळे नाही, खालचा आधार अचानक कमी होतो त्यामुळे येतो. पाळणा खाली येताना बूड जरा हलकं होतं आणि आतले अवयव वर उचलल्यासारखे वाटतात. विमानातून उडी मारता तेव्हा तुम्ही स्थिर नसताच, विमानाबरोबर ताशी दीडशे किमीच्या आसपास पुढे जात असता, त्यामुळे दार सोडल्या सोडल्या हवा समोरून अंगावर दाबते आणि अंग एकदम निराधार सुटल्यासारखं वाटत नाही. मग १०-१२ सेकंदांत वेग ताशी १९०-२०० किमीवर जाऊन थांबतो, तिथे हवेचा रेटा आणि तुमचं वजन सारखं होतं. म्हणजे आधार पूर्ण परत आला, फक्त तो हवेचा आहे, म्हणून ते झोपल्यासारखं वाटणं अगदी बरोबर आहे. याच्या उलट, थांबलेल्या हेलिकॉप्टरमधून किंवा बलूनमधून उडी मारली तर गोळा नक्की येतो, कारण तिथे सुरुवातीला हवा लागतच नाही.

टँडममध्ये, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारलेल्या उडीत, दोघांचं वजन असल्याने वेग फार वाढू नये म्हणून मागे एक छोटं पॅराशूट आधीच सोडलेलं असतं, त्याला ड्रोग म्हणतात. थंडीचा अंदाज हवा असेल तर, वर जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं, खाली २५ असेल तर वर शून्याच्या आसपास धरा.

निशिगंध_पुणे
मी परदेशातच केलं पण दुसऱ्या देशात, नाव नको. सर्दी झालेली होती आणि मी सांगितली नाही, पैसे बुडतील म्हणून. खाली येताना उजव्या कानात अशी कळ आली की बाकी काही आठवतच नाही, पुढे चार दिवस त्या कानाने ऐकू येत नव्हतं. सर्दी असेल तर तारीख बदला, खरंच. आणि पॅराशूट उघडल्यावर ते गोल गोल गिरक्या घेतात त्यात मला मळमळलं. तुमचा पोटाचा प्रश्न असेल तर तिथे येईल, फ्रीफॉलमध्ये नाही. आधीच सांगून ठेवा की गिरक्या नकोत, ते ऐकतात.

पॅरा_सातारा
ताई मी फौजेत होतो. आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या पूर्ण केल्या की विंग (छातीवर लावायचा पंखांचा बिल्ला) मिळते, त्यातली एक रात्रीची. आमची उडी वेगळी, १,२५० फुटांवरून, पट्टा विमानाला अडकवलेला असतो त्यामुळे पॅराशूट आपोआप उघडतं, फ्रीफॉल नाहीच. पण दार तेच. लाल दिवा, मग हिरवा, मग जायचं. पहिल्या उडीला माहीतच नसतं म्हणून माणूस जातो, मला भीती दुसऱ्या उडीला वाटली आणि माझ्या बरोबरच्या बऱ्याच जणांनी हेच सांगितलं. दारात खाली बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा. उतरताना आम्ही पाय जुळवून लोळण घेतो, तुम्ही ते करायचं नाही, इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हा गुडघे पोटाकडे ओढून पाय वर धरायचे आणि तो पाय टेकवेपर्यंत सोडायचे नाहीत. वर असतानाच दोनदा सराव करून घ्या, मांड्या भरून आल्या की पाय ऐनवेळी खाली पडतात.

गड्ड्याची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोनदा वाचलं सगळं. मास्तर, ते हवेचा आधार वाचून खूप बरं वाटलं. अजून दोन गोष्टी विचारते. श्वास घेता येतो का? आणि आई जेवत नाहीये, म्हणते पॅराशूट नाही उघडलं तर? तिला काय सांगू?

खाडीपलीकडचा
श्वास येतो. वाऱ्याने छाती भरून आल्यासारखं वाटतं म्हणून लोक दम रोखतात आणि मग घाबरतात. नाकाने घ्या, किंवा सरळ ओरडा, ओरडलं की श्वास आपोआप आत येतो.

आईंना सांगा की पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि राखीव. आणि एक छोटं यंत्र असतं जे उंची आणि वेग मोजत राहतं, ठरावीक उंचीच्या खाली अजून वेगाने पडताय असं दिसलं तर ते राखीव पॅराशूट स्वतःच उघडतं, इन्स्ट्रक्टरची शुद्ध हरपली तरी. धोका शून्य आहे असं मात्र सांगू नका, तो नाहीये, आणि आईला खोटं सांगून वर गेलात तर तुमचंच मन लागणार नाही.

निशिगंध_पुणे
आईंना शीतल महाजन यांचा फोटो दाखवा, पुण्याच्या स्कायडायव्हर, पद्मश्री मिळालीय त्यांना. २०१८ मध्ये थायलंडला पटायात नऊवारी नेसून उडी मारली होती त्यांनी १३,००० फुटांवरूनच. माझ्या आजीने तो फोटो बघून विचारलं होतं की पदर कसा टिकला.

गड्ड्याची_लेक
दाखवला. आई बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली पिना लावल्या असतील. जेवली. शेवटचं, केस लांब आहेत माझे, काय करू?

निशिगंध_पुणे
घट्ट वेणी घालून कपड्यांच्या आत. कानातलं, चेन, बांगड्या सगळं खालीच आईकडे ठेवा.