मदत हवी आहे: कयाकवरून कोकर (जोरात ओढणारा समुद्री मासा) गरवताना उलटू नये म्हणून काय करता?

कमळ_कोथरूड:

माझी सासुरवाडी देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधे चिंचोळी पट्टी आणि त्यावर माडांखाली सासऱ्यांचं घर. दर हिवाळ्यात चार दिवस जातो. गेल्या वर्षी स्वतःची अकरा फुटी सिट-ऑन-टॉप कयाक (वर बसून वल्हवायची छोटी होडी) गाडीच्या टपावर बांधून गगनबावड्यावरून नेली. गोड्या पाण्यात, म्हणजे पानशेत-मुळशीला, तीन वर्षं वल्हवतोय, त्यामुळे खाडीत काय एवढं, असा माज होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी संगमाच्या अलीकडे, वाळूच्या दांड्याच्या कडेला नांगर टाकून पॉपर (पाण्यावर फटफटणारा नकली मासा, म्हणजे एक लुअर) मारत होतो. सुकती (ओहोटी) लागली होती. नांगराची दोरी उजव्या बाजूच्या कडीला बांधलेली (हसा). दहाव्या-बाराव्या फेकीला पाण्यात कुणीतरी धोंडा टाकावा तसा आवाज झाला आणि रॉड डावीकडे वाकला. ड्रॅग (किती ओढीला रील दोरी सोडेल ते) जवळजवळ पूर्ण आवळलेला, कारण पलीकडे खडप (खडक) होतं आणि मासा तिकडे जाऊ द्यायचा नव्हता. पुढचं इतकं पटकन झालं की भीती वाटायलाही वेळ मिळाला नाही. डावी कड पाण्याखाली गेली, उजवीकडून दोरी ताणलेली, आणि मी खाडीत. लाइफ जॅकेट होतं, पण सीटमागे नीट घडी घालून. फोन गेला, रॉड गेला, एक चप्पल तेवढी तरंगत संगमाकडे निघाली. मेव्हणा होडी घेऊन आला. घरी सासूबाई वाटण वाटून बसलेल्या. सासऱ्यांनी ओल्या कपड्यांतल्या जावयाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "तुमी माशाक गरवलात का माशान तुमका?"

वर्षभर हे वाक्य ऐकतोय. या वेळी जायचं ते दशमी ते द्वादशी. प्रश्न असे: जोरात ओढणारा मासा लागल्यावर कयाक सांभाळायची कशी? ड्रॅग किती ठेवू? ३० पौंडाची ब्रेड (विणलेली गरीची दोरी) आहे, रील ५००० ची. रॉडला लीश (हरवू नये म्हणून बांधायची दोरी) बांधावी की नको? आणि वेळ कुठली धरू? गेल्या वेळी मी फक्त उजाडलं की निघत होतो.

"बाजारातून सुरमई घ्या" हा सल्ला बायकोने देऊन झाला आहे.

---

खडपातला_गोब्रा:

पहिलं, जॅकेट अंगात. घडी घातलेलं जॅकेट म्हणजे कपाटातली छत्री.

तुम्हाला माशाने नाही, तुमच्या नांगराने उलटवलं. बाजूने बांधलेली कयाक ओढीत आधीच आडवी झालेली असते, त्यात उलट बाजूने मासा ओढतो. नांगर कायम नाळेवर (पुढच्या टोकाला) नाहीतर पार मागच्या टोकाला. आणि दोरीच्या शेवटाला एक फ्लोट बांधा, गाठ अशी की एका हिसक्यात सुटेल. मासा लागला की दोरी सोडून द्यायची. फ्लोट तिथेच राहतो, मासा काढून परत येऊन उचलायचा. गुडघ्याजवळ सुरीही हवी, गाठ ऐन वेळी अडतेच.

मोकळी झाली की कयाक हाच तुमचा दुसरा ड्रॅग. तीन-चार किलोचा कोकर तुम्हाला ओढत नेईल, नेऊ द्या. काम एकच, रॉडचं टोक नाळेकडे, घड्याळातल्या दहा ते दोनच्या मधे ठेवायचं. मग कयाक आपोआप माशाच्या दिशेला वळते आणि ओढ लांबीवर येते, रुंदीवर नाही. फारच डुलायला लागली तर दोन्ही पाय दोन बाजूंना पाण्यात सोडा, घोड्यावर बसल्यासारखे. दिसायला वेडगळ, पण बूड लगेच स्थिर होतं. मासा खालून दुसऱ्या बाजूला गेला तर रॉड उचलू नका. टोक पाण्यात बुडवून नाळेवरून फिरवून घ्या, नाहीतर एकतर रॉड मोडेल नाहीतर तुम्ही परत आंघोळ कराल.

ड्रॅग वजनकाट्याला लावून मोजा, बोटाने ओढून नव्हे. ब्रेडच्या ताकदीच्या पाव हिस्सा, तुमच्या ३० पौंडाला साधारण साडेतीन किलो. खडपाशेजारी कोकराला अडवायचा नाद कयाकवर सोडून द्या. गेला तर गेला, लुअरच जाईल ना. लीडर (लुअरच्या आधीचा दोरीचा तुकडा) मात्र ५०-६० पौंडाचा जाड लावा, कालवांच्या शिंपल्यांवर घासला जातो.

लीश मी वल्ह्याला बांधतो. रॉडला फक्त रॉड होल्डरमधे असताना. हातात असलेल्या रॉडची लीश पाण्यात पायात गुंतते.

---

वेंगुर्ल्याचो_वारो:

वरचं सगळं बरोबर, पण मूळ चूक वेळेची आहे.

हिवाळ्यात सकाळी मतलई असतो, जमिनीवरून समुद्राकडे. त्यात सुकती. म्हणजे पाणी आणि वारा दोघेही तुम्हाला संगमातून बाहेर ढकलणार. तुमची चप्पल गेली त्याच वाटेने तुम्ही गेला असतात. त्या दिवशी उलटलात ते एका अर्थी बरं, निदान नांगराजवळ उलटलात.

आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे, शिवाय छापील तक्ता बघाच. दशमीला भरती साडेसातला. म्हणजे उजाडल्यापासून जेमतेम तासभर पाणी चढतं, मग सगळी सकाळ सुकती. एकादशीला सव्वाआठ. त्रयोदशीला पावणेदहा, पुनवेला सव्वाअकरा. तुम्ही त्रयोदशी ते पौर्णिमा या. उजाडल्यापासून तीन तास तरी पाणी खाडीत चढत असेल, काही बिघडलं तर घराकडेच वाहत याल. पाणी थांबलं की किनाऱ्याला लागायचं, सुकतीत "आणखी एक फेक" नाही. पुनवेला उधाण असतं, ओढ जास्त, तेव्हा संगमाच्या तोंडाशी जाऊच नका, आत चिपीच्या बाजूला राहा.

आणि एकादशीला मासा पकडून सासूबाईंना देणार होता काय?

---

रापणकर:

दोन गोष्टी. किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर तिच्या वेढ्यात कयाक घालू नका, लांबून फिरून जा. पन्नास माणसांची ओढ असते ती, तुमच्या लुअरचे हूक जाळ्यात अडकले तर ऐकून घ्यावं लागेल आणि ते योग्यच असेल. दुसरं, मालवणला किल्ल्याभोवती सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. तिकडे गरी टाकायला जाऊ नका.

बाकी साडेनऊनंतर पर्यटकांच्या बोटी आणि जेटस्की सुरू होतात. कयाकवर उंच झेंडा लावा, पाण्याच्या पातळीवर बसलेला माणूस त्यांना दिसत नाही.

---

खडपातला_गोब्रा:

राहिलंच. लुअरचे तिहेरी हूक काढून एकेरी लावा, टोकाचे उलटे काटे पक्कडीने दाबून. मांडीवर उड्या मारणारा मासा आणि सहा टोकं, एवढ्याशा जागेत हा खेळ वाईट. कोकर शेपटीच्या मुळाशी धरा, पण हातमोजा घालून, तिथल्या खवल्यांची करवत असते. दागोळ (दुसरा एक मासा) लागला तर त्याच्या पाठीच्या आणि पोटामागच्या काट्यांपासून हात लांब. विषारी असतात, दोन तास हात ठणकतो. स्वानुभव.

आणि निघण्याआधी घरासमोर कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटवा. सुलटी करा, पाय मारत पोटावर आडवे चढा, मग वळून बसा. पाच वेळा. हे जमत नसेल तर रॉड घरीच ठेवा.

---

कमळ_कोथरूड:

सगळ्यांचे आभार. रजा तीन दिवस पुढे सरकवली, साहेबांना "तिथीचं कारण आहे" सांगितलं, त्यांना काही धार्मिक वाटलं असावं.

काल स्वयंपाकघरातल्या काट्याने ड्रॅग मोजला. गेल्या वर्षी ठेवला होता तितका आवळून पाहिला तर नऊ किलोच्या पुढे. फ्लोट आणि झेंडा आणला. उलटवायचा सराव पानशेतला केला, पाचपैकी तीनदा चढलो, दोनदा कयाक परत अंगावर. उरलेला देवबागला करणार, पण सासरे उठायच्या आधी.

एक शंका राहिली. फ्लोट सोडून माशामागे गेलो आणि भरतीने पार आत नेलं, तर तो उचलायला पाण्याविरुद्ध वल्हवत येऊ की पाणी थांबेपर्यंत वाट बघू?

---

वेंगुर्ल्याचो_वारो:

वाट बघा. फ्लोट कुठे जात नाही. नाहीतर मेव्हण्याला सांगा, त्याला सवय आहे.